औषध नदीत, नजर सीओडीवर

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर आणि बिदर ओलांडून तेलंगणात उतरते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. वाटेत, हैदराबादच्या वायव्येला, नक्कावागू नावाचा ओढा तिला येऊन मिळतो. पाटणचेरू औद्योगिक वसाहतीचं पाणी कित्येक वर्षं याच ओढ्यातून वाहत होतं. गोथेनबर्ग विद्यापीठातले योआकिम लार्सन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी तिथल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं, म्हणजे प्रक्रिया झालेलं, पाणी तपासलं आणि २००७ साली निष्कर्ष छापले. सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी या केंद्रात येत असे. प्रक्रियेनंतरच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं ते लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत.

या औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली की रक्तात त्याचं प्रमाण जास्तीत जास्त लिटरमागे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असेल त्याच्या दहापटीहून जास्त औषध ओढ्यात सोडलेल्या पाण्यात होतं. केंद्रातून दिवसाला सुमारे १५ लाख लिटर पाणी बाहेर पडे. गुणाकार केला की रोजचे ४५ किलो होतात, ५०० च्या ९० हजार गोळ्या. लार्सन यांनी हिशेब मांडला तो आपल्या देशाच्या मापाने: एका दिवसात वाहून गेलेलं हे औषध सगळ्या स्वीडनला पाच दिवस पुरलं असतं.

तेव्हापासून सांडपाण्यातली अँटिबायोटिक्स काढायची कशी या प्रश्नावर जगभर संशोधनाचा ढीग साचला आहे. ओझोन, कोळसा, पडदे, एन्झाइम, नॅनोकण, जे सुचेल ते प्रयोगशाळेत करून झालं. तो ढीग चाळताना मला एक गोष्ट सतत जाणवते. औषध पाण्यातून काढायचं कसं हे बऱ्याच अंशी ठाऊक आहे. अडलं आहे ते दुसरीकडे. ते नळाच्या कुठल्या टोकाला काढायचं आणि ते निघालं की नाही हे कोण मोजणार, या दोन प्रश्नांवर घोडं पेंड खातं.

मोजण्याचंच आधी पाहू. कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा (ईटीपी) किंवा वसाहतीच्या सामाईक केंद्राचा (सीईटीपी) निकाल लागतो तो प्रामुख्याने बीओडी आणि सीओडी या आकड्यांवर. पाण्यातला सेंद्रिय माल खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, ते बीओडी सांगतो. पाण्यातला सेंद्रिय माल रासायनिक रीतीने पुरता जाळायला किती ऑक्सिजन लागेल, ते सीओडी सांगतो. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यासाठी आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. आता सिप्रोफ्लॉक्सासिनचं रासायनिक सूत्र घेऊन बसा. एक ग्रॅम औषध जाळायला साधारण १.७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे लिटरमागे ३१ मिलिग्रॅमचं ते भयंकर प्रमाण सीओडीच्या आकड्यात सुमारे ५० ची भर घालेल. उरलेले २०० मिलिग्रॅम दुसऱ्या कशाचे असले तरी पाणी नियमात बसलं! पाटणचेरूचं पाणी तसं बसत होतं असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की जगातलं सर्वांत औषधी सांडपाणीदेखील या चाचणीत पास होऊ शकतं, कारण चाचणी औषधाचं नाव विचारतच नाही.

पाटणचेरूच्या केंद्रातली एक गोष्ट तर काळजीपूर्वक वाचावी अशी आहे. औषध कारखान्यांच्या पाण्यावर जिवाणू नीट वाढत नाहीत, म्हणून जैविक प्रक्रिया चालू राहावी यासाठी त्यात घरगुती मैलापाणी मिसळलं जात असे. अभियंत्याच्या दृष्टीने हे रास्तच. पण माणसाच्या आतड्यातले जिवाणू आणि अनेक प्रकारची अँटिबायोटिक्स एकाच टाकीत, रात्रंदिवस हवा देत, एकमेकांच्या सहवासात ठेवली तर काय तयार होईल? त्याचं उत्तर २०१३ साली मिळालं. या केंद्रातून वेगळे काढलेले ९३ जिवाणू पुण्याच्या आणि स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासले. त्यांतले ८६ टक्के २० किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते.

हे घडतं कसं ते समजायला कर्करोगाकडे पाहिलं तर बरं पडतं, कारण तिथे तोच खेळ एका शरीरापुरता चालतो. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बिघाड असलेल्या रुग्णांना जेफिटिनिबसारख्या गोळ्यांनी सुरुवातीला छान गुण येतो. मग काही महिन्यांनी, कधी वर्षाने, गाठ पुन्हा वाढू लागते. अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्या गाठीत त्याच जनुकात आणखी एक बदल सापडतो. टी७९०एम हे त्याचं नाव. प्रथिनाच्या साखळीतलं ७९० व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि तेवढ्याने गोळीची पकड सुटते. ई. कोलाय या जिवाणूत सिप्रोफ्लॉक्सासिनची पकड सुटते ती अशाच एका बदलाने. गायरेज नावाच्या एन्झाइममध्ये ८३ व्या जागेवर सेरीनऐवजी ल्युसीन आलं की औषध नीट चिकटत नाही. दोन्हीकडे बदल योगायोगाने होतो. औषधाचं मुख्य काम निवडीचं. ज्यांच्यात बदल नाही ते मरतात आणि उरलेल्यांना मैदान मोकळं मिळतं.

फरक पुढे आहे. कर्करोगाच्या गाठीने कमावलेला बदल त्या माणसाबरोबर संपतो, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला तो लागत नाही. जिवाणूंचं तसं नाही. त्यांची प्रतिरोधाची जनुकं पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर बसलेली असतात, आणि ही कडी एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. दिल्लीतल्या रुग्णालयात राहून गेलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या जिवाणूत एनडीएम-१ हे जनुक पहिल्यांदा ओळखलं गेलं. कार्बापेनेमसारखी राखीव अँटिबायोटिक्स फोडणारं एन्झाइम ते बनवतं. २०११ साली टिमथी वॉल्श यांच्या गटाने दिल्लीतल्या रस्त्यांवर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले, त्यांतल्या ५१ मध्ये ते जनुक होतं. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांतही होतं. त्या वेळी आपल्याकडे मुख्य वाद झाला तो जनुकाला दिल्लीचं नाव का दिलं (एनडी म्हणजे न्यू दिल्ली) यावर. नावाचं दुःख मीही समजू शकतो, पण ५१ नमुन्यांवर त्याच्या निम्मी तरी चर्चा व्हायला हवी होती.

कर्करोगाचा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. किमोथेरपीत पांढऱ्या पेशी घसरतात तेव्हा साधा ताप जिवावर बेततो आणि त्या दिवसांत रुग्ण उभा असतो तो अँटिबायोटिकच्या आधारावर. कर्करोगावरचं नवं, महागडं औषध कितीही अचूक असो, त्याच्या मागे उभं राहणारं जुनं अँटिबायोटिक निकामी झालं तर उपचाराची सगळी इमारत हलते. २०१९ साली जगात प्रतिरोधक जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा लॅन्सेटमधल्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि ज्यांत प्रतिरोधाचा हात होता असे मृत्यू सुमारे ४९ लाख ५० हजार.

निवड होण्यासाठी औषध खूप लागतं असाही एक समज होता. जिवाणू मारण्याइतकं प्रमाण नसेल तर प्रतिरोधकांना फायदा कसला? उपसाला विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की मारक प्रमाणाच्या शेकडो पट कमी औषधातदेखील प्रतिरोधक जिवाणू हळूहळू पुढे सरकतात. मग २०१६ साली बेंग्टसन-पाल्मे आणि लार्सन यांनी १११ अँटिबायोटिक्ससाठी, कुठल्या प्रमाणाखाली निवड होणार नाही, याचे अंदाज मांडले. सिप्रोफ्लॉक्सासिनचा आकडा आला लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम. पाटणचेरूचे ३१ मिलिग्रॅम याच्या पाच लाख पटींच्या जवळपास जातात. हे अंदाज प्रत्यक्ष नदीतल्या मोजणीवरून आलेले नाहीत, प्रयोगशाळेतल्या मारक प्रमाणांवरून काढलेले आहेत, त्यामुळे त्यांत मागेपुढे होईल. पण पाच लाख पटीत थोडं मागेपुढे झालं तर काय बिघडलं?

पाटणचेरूच्या आसपास पुढची काही वर्षं जे जे तपासलं त्यात काही ना काही सापडत गेलं. आजूबाजूच्या तळ्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन मिलिग्रॅमच्या मापात, गावांच्या विहिरींतही औषधांचे अंश, ओढ्याच्या गाळात प्रतिरोधाच्या जनुकांचा खच. २०१४ साली काझीपल्ली तलावाच्या गाळातल्या डीएनएचं सरसकट वाचन झालं. एका स्वीडिश तलावाच्या तुलनेत तिथे प्रतिरोधाची जनुकं ७,००० पट जास्त निघाली. या भागातली प्रदूषणाची तक्रार मात्र लार्सनच्या कितीतरी आधीची. पाटणचेरूचे डॉ. किशन राव आपल्या दवाखान्यातल्या रुग्णांकडे पाहून वर्षानुवर्षं हेच सांगत होते आणि १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं होतं. तेव्हा लढा होता काळ्या पाण्याविरुद्ध, करपलेल्या शेतीविरुद्ध. त्या पाण्यात नेमकं काय आहे याला २००७ साली आकडा मिळाला आणि मगच जग जागं झालं.

इथे एक सावधगिरी. पाटणचेरू वाचून झालं की प्रत्येक नदीतला प्रतिरोध कारखान्यांच्या माथी मारावासा वाटतो. तसं करता येत नाही. पुण्याच्या मुठा नदीचा गाळ शहराच्या वर, शहरात आणि शहराच्या खाली असा तपासला गेला. २०१७ साली आलेल्या त्या अभ्यासात शहरातल्या गाळात प्रतिरोधाची जनुकं शहराबाहेरच्या गाळापेक्षा साधारण ३० पट जास्त होती, आणि त्यांत अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवलेल्या अँटिबायोटिक्सना निष्प्रभ करणारी जनुकंही होती. मुठेत ही जनुकं आली ती प्रक्रिया न झालेल्या मैल्यातून, म्हणजे आपल्याच घरांतून. २०१९ मध्ये फिनलंड-स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घ्यायची एक नामी युक्ती काढली. माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर जगणारा क्रॅसफेज नावाचा एक विषाणू आहे. तो पाण्यात जितका, तितका तिथे माणसाचा मैला. जगभरच्या नमुन्यांत क्रॅसफेज आणि प्रतिरोधाची जनुकं हातात हात घालून वर-खाली होताना दिसली. म्हणजे बहुतेक ठिकाणी ती जनुकं त्या पाण्यात नव्याने निवडली गेलेली नव्हती, मैल्याबरोबर वाहत आली होती. अपवाद ठरला तो औषध कारखान्यांच्या पाण्याने भरलेल्या जागांचा. तिथे मैल्याचा हिशेब पुरेना.

हा अभ्यास मला या सगळ्या साहित्यातला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो एका प्रश्नाचे दोन करतो. शहराच्या सांडपाण्यातून मुख्यतः आधीच तयार झालेले प्रतिरोधक जिवाणू पसरतात. कारखान्याच्या सांडपाण्यात नवे तयार होऊ शकतात. पहिल्यावर उपाय जुनाच: मैल्यावर प्रक्रिया करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात शहरी मैलापाणी दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर तयार होतं आणि त्यातल्या जेमतेम २०,२३६ वर प्रत्यक्ष प्रक्रिया होते. ज्या देशात दहा लिटरांपैकी सात तसेच नदीत जातात, तिथे शहराच्या केंद्रावर ओझोनचं यंत्र बसवायचं की आधी उरलेले सात लिटर केंद्रापर्यंत आणायचे, याचा निर्णय अवघड नसावा. पुण्यात जपानच्या जायकाच्या कर्जातून ११ नवी केंद्रं घेतली, ३९६ दशलक्ष लिटरांची. अँटिबायोटिक काढण्यासाठी ती आखलेली नाहीत, तरी मुठेतल्या प्रतिरोधावर त्यांचा परिणाम कुठल्याही नॅनोकणापेक्षा मोठा होईल असं माझं मत आहे.

आता काढण्याची तंत्रं. मैलापाण्याच्या नेहमीच्या केंद्रात हवा देऊन जिवाणू वाढवतात आणि ते सेंद्रिय माल खातात. अँटिबायोटिकचं तिथे काय होतं हे औषधागणिक बदलतं. पेनिसिलिन वर्गातल्या औषधांचं चार अणूंचं कडं पाण्यात तसंही लवकर फुटतं. सिप्रोफ्लॉक्सासिन पाण्यातून कमी होतं खरं, पण नष्ट होत नाही, गाळाला चिकटून बसतं. पाण्याचा अहवाल चांगला येतो आणि औषध गाळाच्या खतातून शेतात जातं. सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम यांचा बराचसा भाग सरळ पुढे निघून जातो. क्लोरीन दिलं की जिवाणू मरतात, मात्र मेलेल्या जिवाणूचा डीएनए पाण्यात राहतो आणि जिवंत जिवाणू असा मोकळा डीएनए उचलू शकतात.

म्हणून श्रीमंत देशांनी चौथा टप्पा जोडला. स्वित्झर्लंड यात सर्वांत पुढे. झुरिकजवळच्या ड्युबेनडॉर्फच्या नॉयगुट केंद्रात २०१४ पासून सगळं पाणी ओझोनमधून जातं. २०१६ पासून तिथे कायद्याने ठराविक केंद्रांना सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढणं बंधनकारक झालं आणि खर्चासाठी माणशी वार्षिक पट्टी बसवली. ओझोन औषधाचे रेणू चटकन फोडतो, जिवाणूही मारतो. त्याची दुखणी दोन. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट तयार होतं आणि त्यावर कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. शिवाय औषधाचे फुटलेले तुकडे निरुपद्रवीच असतील असं नाही, म्हणून मागे वाळूची किंवा कोळशाची गाळणी ठेवतात. सक्रिय कोळशात तुकड्यांची भानगड नाही, तो औषध धरून ठेवतो. पण भरला की जाळावा किंवा पुन्हा तापवावा लागतो.

हीच यंत्रं उचलून औषध कारखान्याच्या पाण्यावर बसवली तर? इथे पुष्कळ लेखांची गल्लत होते. शहराच्या प्रक्रिया झालेल्या पाण्यात सेंद्रिय माल थोडा असतो, त्यामुळे मोजका ओझोन औषधापर्यंत पोचतो. कारखान्याच्या पाण्यात सीओडी हजारांत, क्षार भरपूर, सॉल्व्हंट वेगळे. ओझोन या सगळ्यांना जाळण्यात खर्ची पडतो. कोळशाच्याही जागा इतर रसायनं अडवतात. प्रकाश-उत्प्रेरकं आणि नॅनोकण यांच्यावरचे अनेक शोधनिबंध शुद्ध पाण्यात एकच औषध घालून ९९ टक्के काढल्याचे आलेख देतात. त्या आलेखांना माझ्या लेखी फारशी किंमत नाही. कुरकुंभच्या किंवा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या ईटीपीतलं एक बादली पाणी घेऊन तोच प्रयोग करा, मग बोलू.

आपल्या कारखान्यांनी निवडलेला मार्ग वेगळा आहे. झेडएलडी, म्हणजे बाहेर एक थेंबही सोडायचा नाही. क्षार जास्त असलेलं, कामगारांच्या भाषेत हाय टीडीएसचं पाणी वेगळं धरतात. स्ट्रिपरमध्ये सॉल्व्हंट काढतात, एमईईमध्ये वाफेवर आटवतात, आणि राहिलेला घट्ट काढा एटीएफडीत सुकवून क्षाराची पूड करतात. ती पोत्यांत भरून घातक कचऱ्याच्या भरावावर जाते. लो टीडीएसचं पाणी जैविक टाक्यांतून आरओला जातं आणि आरओने मागे टाकलेलं पुन्हा एमईईला. कागदावर ही रचना चोख आहे. अँटिबायोटिकचं नाव न घेता ती त्याचाही बंदोबस्त करते. मात्र तिचं पोट वाफेवर चालतं आणि वाफेला इंधन लागतं. एमईई बंद पडला, नळ्यांत क्षार साचले, किंवा महिनाअखेरीला उत्पादन वाढलं, की पाणी साठतं, आणि साठलेल्या पाण्याला रात्री टँकरचं चाक लागतं. औद्योगिक वसाहतींत राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

मला सर्वांत शहाणपणाचे वाटतात ते उपाय पाण्याच्या लोंढ्यापर्यंत जातच नाहीत. एका रिअ‍ॅक्टरची गोष्ट घ्या. बॅच काढल्यावर भांडं धुतात. पहिल्या धुण्याचं पाणी थोडं असतं आणि भिंतींना चिकटलेलं बहुतेक औषध त्यातच येतं. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात औषध नगण्य, पाणी मात्र भरपूर. हे तिन्ही एका गटारात सोडले की थोड्या पाण्यातला सोपा प्रश्न भरपूर पाण्यातला अवघड प्रश्न होतो. पहिलं धुवण वेगळ्या ड्रममध्ये धरलं तर ते भट्टीत जाळता येतं. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन असेल तर अल्कली घालून, गरज पडली तर तापवून, तिथल्या तिथे रेणूचं कडं फोडता येतं. चीनमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या पाण्यावर जैविक टाकीच्या आधी असंच उष्णतेने विघटन करून पाहिलं गेलं. औषधाची मारक शक्ती आधीच घालवली की टाकीतले जिवाणूही नीट काम करतात आणि त्यांना प्रतिरोधाची गरजही उरत नाही. यात नवं विज्ञान काही नाही. दोन व्हॉल्व्ह, एक टाकी आणि शिस्त लागते.

याच्या नेमकं उलट पाटणचेरूला घडलं. ओरड वाढल्यावर केंद्राचं पाणी सुमारे १८ किलोमीटरच्या नळाने हैदराबादच्या अंबरपेठ मैलापाणी केंद्राकडे वळवलं. तिथे ते शहराच्या पाण्यात मिसळून मुसी नदीत जातं. नक्कावागूला दिलासा मिळाला, तिथलं औषधाचं प्रमाणही घटलं. पण मुसी पुढे कृष्णेला मिळते. गोदावरीच्या खोऱ्यातला प्रश्न एका नळाने कृष्णेच्या खोऱ्यात नेऊन ठेवला आणि वर पुन्हा शहराचा मैला त्यात कालवला. पातळ केलेलं प्रदूषण मोजायला अवघड जातं, एवढाच काय तो त्याचा फायदा, आणि तो कोणाला हे उघड आहे.

नियमांची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण ती थोडक्यात आटोपली. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध उद्योगाच्या सांडपाण्यासाठी मसुदा काढला. त्यात १२१ अँटिबायोटिक्सच्या अवशेषांना मर्यादा होत्या. असं करणारा भारत जगातला पहिला देश ठरला असता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा ती यादी गळलेली होती. उद्योगाचं म्हणणं होतं की मर्यादा फार कडक आहेत आणि इतकं सूक्ष्म मोजण्याची सोय सगळीकडे नाही. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. मास स्पेक्ट्रोमीटरवर अशी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच, आणि प्रत्येक नमुन्याचा खर्चही बराच. तरी त्यावर उपाय १२१ वरून शून्यावर येण्याचा नव्हता. प्रत्येक कारखान्याला तो स्वतः बनवतो तेवढ्या दोन-चार औषधांची मर्यादा देता आली असती.

तोवर बाहेर हालचाल झाली. औषध कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीने २०२२ मध्ये स्वतःचं ऐच्छिक मानक काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्यावर आणि घनकचऱ्यावर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना दिल्या. त्याही बंधनकारक नाहीत. युरोपीय संघाचा शहरी सांडपाण्याचा नवा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मोठ्या शहरांना २०४५ पर्यंत चौथा टप्पा उभारायचा आहे आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी उचलायचा आहे. कंपन्या याविरुद्ध न्यायालयात गेल्या. नॉर्वेने वेगळी वाट धरली. रुग्णालयांसाठी अँटिबायोटिक खरेदी करताना निविदेत कारखान्याच्या पर्यावरणाच्या कामगिरीला गुण ठेवले, किमतीच्या जोडीने. आपल्या कारखान्यांवर आज सर्वांत जास्त दबाव येतो तो अशाच परदेशी ग्राहकांच्या तपासनिसांकडून. म्हणजे निर्यातीचं औषध बनवताना निघालेलं पाणी स्वच्छ होण्याची शक्यता जास्त, आणि देशी बाजारासाठी त्याच वसाहतीत शेजारी बनलेल्या औषधाचं पाणी कोणी विचारत नाही.

आपल्या सरकारी खरेदीत अशी अट घालणं अवघड नाही. राज्यं आणि केंद्र अँटिबायोटिकचे मोठे ग्राहक आहेत, पण निविदा उघडते ती सर्वांत कमी दरावर. दर उतरतो तेव्हा सर्वांत आधी काटछाट कुठे होते? एमईईच्या वाफेत.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं एक कारण आहे. पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा देशी पेनिसिलिन ही अभिमानाची गोष्ट होती. पुढे स्वस्त चिनी मालापुढे भारतातलं पेनिसिलिन-जीचं उत्पादन बंद पडलं आणि आपण कच्चा माल तिकडून आणू लागलो. त्याबरोबर आंबवणीच्या टाक्यांचं घाण पाणी आणि बुरशीचा लगदाही चीनच्या वाट्याला गेला. चीनने २००८ मध्ये तो लगदा घातक कचऱ्याच्या यादीत टाकला. आता उत्पादन-निगडित प्रोत्साहन योजनेतून २०२४ मध्ये काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचं उत्पादन पुन्हा सुरू झालं आहे. औषधाच्या बाबतीत परावलंबी राहू नये हे खरंच. पण माल परत आणताना त्याचं पाणी आणि लगदाही परत आलेला आहे, आणि नियमांत अँटिबायोटिकची मर्यादा अजूनही नाही.

महागड्या यंत्राची वाट न पाहता मोजायची एक सोय आहे. औषध कारखान्यात प्रत्येक बॅचची नोंद असते: किती कच्चा माल घातला, किती औषध निघालं, किती वाया गेलं. वाया गेलेलं कुठे गेलं हे विचारलं की सांडपाण्यातलं प्रमाण वजाबाकीने काढता येतं, आणि वर्षातून काही वेळा प्रयोगशाळेत नमुना पाठवून त्या वजाबाकीची खातरजमा करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांतही हा मार्ग मान्य आहे. पाणी कायद्याखाली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला केंद्राच्या मानकापेक्षा कडक अट कारखान्याच्या संमतिपत्रात घालता येते. तारापूर, कुरकुंभ, महाड, लोटे या वसाहतींतल्या ज्या कारखान्यांत अँटिबायोटिक बनतं, त्यांच्या पुढच्या नूतनीकरणात ही वजाबाकी आणि पहिल्या धुवणाचा वेगळा ड्रम, एवढ्या दोन अटी घालायला दिल्लीच्या अधिसूचनेची गरज नाही.